पन्नास टक्के बरोबर डोस म्हणजे किती?

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र परिचर्या परिषद, मुंबई;
परिचर्या अभ्यासमंडळ, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक;
आणि राज्यातल्या सर्व नर्सिंग शाळा-महाविद्यालयांचे प्राचार्य

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे नर्सिंगच्या विषयात पास व्हायला शंभरात पन्नास गुण लागतात. शरीररचनेच्या पेपरला हे ठीक आहे. मेंदूतून निघणाऱ्या बारा नसांपैकी दोन-तीन नावं मुलगी विसरली, तरी वॉर्डातल्या पेशंटचं काही बिघडत नाही. औषधाच्या मात्रेचं गणितही याच पन्नास टक्क्यांच्या हिशेबात मोजलं जातं. पेपरात ते बहुतेकदा दोन-पाच गुणांचं असतं, तेही आलं तर. ते कोरं सोडून टीप, व्याख्या आणि आकृत्यांवर पास होता येतं, आणि मुली होतातही. मग तीच मुलगी नोंदणी होऊन, पांढरा कोट घालून रात्रपाळीला एकटी उभी राहते आणि आपण तिच्या हातात इन्सुलिन, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड अशी मात्रा चुकली तर जिवावर बेतणारी औषधं देतो.

मी आधी वॉर्डात होते, आता पाठ्यनिर्देशिका आहे, म्हणजे नर्सिंगच्या मुलींना शिकवते. माझी मागणी थोडक्यात अशी: औषधमात्रेच्या गणिताची परीक्षा वेगळी घ्या, ती शंभर टक्के गुण मिळाल्याशिवाय पास धरू नका, आणि ती आपल्या ट्रेमध्ये जी औषधं असतात त्यांच्यावरच घ्या. तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिले दोन नुसते कागदावर आले तर एक नवा पेपर आणि एक नवं गाइड, एवढंच निष्पन्न होईल.

शंभर टक्के ऐकून कुणी दचकू नये. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या २०१८च्या निकषांनुसार औषधांच्या गणिताची चाचणी शंभर टक्के गुणांनीच उत्तीर्ण व्हावी लागते. आपल्याकडून तिथे नोकरीला जाणाऱ्यांना द्यावी लागणारी संगणकीय परीक्षा दोन भागांत असते, आणि त्यातला पहिला भाग फक्त गणिताचा असतो. आपल्याच मुली कोचिंग लावून तो पार करतात. म्हणजे परदेशी पेशंटसाठी त्या हे शिकतात. जमत नाही अशातला भाग नाही, आपण मागत नाही म्हणून इथे होत नाही.

आता ट्रेकडे येते.

इन्सुलिनपासून सुरुवात करू, कारण हा घोळ खास आपल्या देशातला आहे. आपल्याकडे व्हायलीतलं, म्हणजे छोट्या बाटलीतलं, इन्सुलिन सहसा एका मिलीत ४० युनिटचं असतं. पेनमधलं, म्हणजे कार्ट्रिजमधलं, एका मिलीत १०० युनिटचं. सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपणाची ४०ची, केशरी टोपणाची १००ची. पेशंट घरून पेन घेऊन येतो, पेनची सुई संपलेली असते, आणि कुणीतरी शहाणपणाने कार्ट्रिजमध्येच लाल टोपणाची सिरिंज खुपसून २० रेघांपर्यंत औषध ओढतं. ऑर्डर २० युनिटची, रेघ २०ची, डोळ्यांना सगळं बरोबर दिसतं. पण २० रेघा म्हणजे अर्धा मिली, आणि त्या अर्ध्या मिलीत ५० युनिट. अडीचपट. उलट झालं, म्हणजे ४०चं इन्सुलिन केशरी टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं, तर २० रेघांत जातात फक्त ८ युनिट. मग साखर खाली येत नाही, डॉक्टर राउंडला डोस वाढवतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी बरोबर सिरिंज वापरतं. त्या दिवशी पेशंट घामाघूम होऊन पडतो आणि कारण कुणालाच सापडत नाही.

हे गणित चौथीच्या मुलाला येईल. चूक होते ती लेबल न वाचण्यात, आणि रेघ म्हणजेच युनिट असं धरून चालण्यात. कागदावरच्या परीक्षेत ही चूक पकडली जाणं शक्यच नाही, कारण कागदावर सिरिंजला टोपण नसतं.

तसंच जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं. लहान बाळांच्या वॉर्डात एक युक्ती पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. ८० मिलिग्रॅमची २ मिलीची व्हायल असेल तर एका मिलीत ४० मिलिग्रॅम, आणि इन्सुलिनच्या ४०च्या सिरिंजवर एका मिलीला ४० रेघा. म्हणून एक रेघ म्हणजे एक मिलिग्रॅम. २.४ किलोच्या बाळाला किलोमागे ५ मिलिग्रॅमने १२ मिलिग्रॅम द्यायचे, तर १२ रेघा भरा. सुंदर युक्ती आहे. ०.३ मिली पाच मिलीच्या सिरिंजमध्ये डोळे बारीक करून मोजण्यापेक्षा कितीतरी अचूक. पण स्टोअरमधून एके दिवशी लहान मुलांसाठीची व्हायल येते, तीही २ मिलीचीच, फक्त तिच्यात २० मिलिग्रॅम असतात. आता १२ रेघांत ३ मिलिग्रॅमच जातात. बाळाला चौथाई डोस, संसर्ग तसाच, आणि चार्टवर मात्र पाच दिवस नीट टिक. युक्ती शिकवणाऱ्या सिनियरने ती का चालते हे सांगितलेलं नसतं, कारण तिलाही कुणी सांगितलेलं नसतं.

हेपॅरिनची गोष्ट याच जातीची आहे. ५ मिलीची व्हायल दोन प्रकारची मिळते: एकीत मिलीला १००० युनिट, दुसरीत मिलीला ५०००. पहिल्या व्हायलीवर काम केलेल्या सिस्टरच्या डोक्यात 'पाच हजार म्हणजे अख्खी व्हायल' हे पक्कं बसलेलं असतं. दुसरी व्हायल हातात आली की त्याच सवयीने २५ हजार युनिट जातात. अमेरिकेत २००६ आणि २००७मध्ये नवजात बाळांना शिरेतली नळी मोकळी ठेवण्यासाठीच्या मिलीला १० युनिटच्या हेपॅरिनऐवजी मिलीला १० हजार युनिटचं हेपॅरिन गेलं होतं. इंडियानापोलिसमध्ये त्यात तीन बाळं दगावली. तिथल्या परिचारिका अडाणी नव्हत्या. दोन बाटल्या सारख्या दिसत होत्या.

आता आपली पुस्तकं उघडा. मुलांच्या डोससाठी यंगचं सूत्र, क्लार्कचं सूत्र, फ्राइडचं सूत्र. वयाला वयात बारा मिळवून भागा, पौंडातल्या वजनाला दीडशेने भागा. पौंडात! आपल्या एकाही वॉर्डात पौंडाचा काटा नाही, एकही बालरोगतज्ज्ञ या सूत्राने डोस लिहीत नाही, तरी व्हायवाला हीच सूत्रं विचारली जातात. ग्रेन, मिनिम, ड्रॅमची कोष्टकं अजून पाठ करून घेतो. सलाईनच्या थेंबांचंही तेच. परदेशी पुस्तकातल्या गणितात सलाईनच्या नळीचा सेट मिलीला दहा नाहीतर पंधरा थेंबांचा असतो, आपल्या हातात येतो तो सहसा मिलीला २० थेंबांचा. ५०० मिली चार तासांत द्यायचं तर २०च्या सेटला मिनिटाला ४२ थेंब लागतात, १५च्या सेटला ३१. मुलीने १५ धरून ३१ काढले आणि हातातला सेट २०चा असेल, तर बाटली संपायला सव्वापाच तासांहून जास्त लागतात. परीक्षकाकडून मात्र तिला पूर्ण गुण. सेटच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो. तो वाचायला आम्ही शिकवत नाही, कारण वर्गात पाकीटच आणत नाही.

माझ्याच पेशाविषयी थोडं कडू बोलते. आम्हा पाठ्यनिर्देशिकांपैकी बऱ्याच जणींनी शेवटचं इंजेक्शन भरून बराच काळ झाला. आम्ही फळ्यावर 'डिझायर्ड अपॉन अव्हेलेबल' (हवी ती मात्रा भागिले हातातली मात्रा) लिहितो, मुली ते वहीत चौकट करून लिहितात, आणि परीक्षेत घाबरून वरचं खाली करतात. त्यापेक्षा त्यांना शाळेतलं त्रैराशिक आठवू द्या. ८० मिलिग्रॅम २ मिलीत, तर १२ कितीत? हे मराठीत मोठ्याने विचारलं की जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलगीही उत्तर देते. जुन्या माणसांना पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असायची. तेवढं नाही तरी अर्ध्याचं अर्ध किती, हे कॅल्क्युलेटरशिवाय सांगता यायला हवं. कॅल्क्युलेटरला माझा विरोध नाही. परीक्षेत तो खुशाल द्या, वॉर्डात मोबाइल असतोच. पण आधी अंदाज कागदावर लिहायला लावा: उत्तर एका मिलीहून कमी येणार की जास्त? दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो, आणि कॅल्क्युलेटर त्यावर एक शब्दही बोलत नाही.

अंदाजाच्या बाबतीत आम्ही मुलींना एक नियम सांगतो: एका डोससाठी दोन-तीनपेक्षा जास्त अँप्यूल फोडाव्या लागत असतील तर थांबा, कुठेतरी चुकलंय. चांगला नियम आहे. आणि मग येतं मॅग्नेशियम सल्फेट.

गर्भवतीला झटके येतायत, बीपी चढलंय, उपकेंद्रात एएनएम, म्हणजे गावपातळीवरची परिचारिका, एकटी आहे. पुढे पाठवण्यापूर्वी पहिला डोस तिने द्यायचा असतो: १० ग्रॅम, पाच-पाच ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत, खोल स्नायूत. अँप्यूल ५० टक्क्यांचं, २ मिलीचं. ५० टक्के म्हणजे १०० मिलीत ५० ग्रॅम, म्हणजे एका मिलीत अर्धा ग्रॅम, म्हणजे एका अँप्यूलमध्ये एक ग्रॅम. दहा अँप्यूल फोडायची. एका बाजूला १० मिली. नियम पाळणारी मुलगी इथे घाबरून दोन अँप्यूलवर थांबेल, आणि त्या बाईला प्रवासात पुन्हा झटका येईल. मोठ्या रुग्णालयात हेच औषध शिरेतून ४ ग्रॅम द्यायचं तर ते २० टक्क्यांचं करावं लागतं: चार अँप्यूलचे ८ मिली, त्यात १२ मिली मिसळून २० मिली, आणि सावकाश. इथे टक्के कळले नाहीत तर पुढचं काहीच कळत नाही.

पण गणित बरोबर आलं म्हणून काम संपलं का? पुढचा डोस चार तासांनी द्यायचा. त्याआधी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का बघायचं, श्वास मिनिटाला सोळाच्या वर आहेत का मोजायचे, लघवी तासाला ३० मिली तरी होतेय का पाहायची. यातलं एक जरी नसेल तर डोस थांबवायचा, आणि मॅग्नेशियमवरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, उशाशी तयार ठेवायचं. वर्गात आम्ही याला 'बेसिक' म्हणतो आणि पहिल्या वर्षानंतर विसरतो. उजळणी हवी ती याची. हृदयाच्या डिगॉक्सिन या औषधाआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिट ठोके मोजणं, पोटॅशियमच्या आधी लघवी विचारणं, मॉर्फिनच्या आधी श्वास बघणं. पाहणी न करता दिलेला अचूक डोस हाही चुकीचाच डोस असतो.

म्हणून नव्या परीक्षेत काही गणितं मुद्दाम अशी असावीत की ज्यांचं उत्तर मिलीत बरोबर निघतं आणि तरी औषध द्यायचं नसतं. पेशंटची माहिती दिलेली आहे, श्वास बारा आहेत, पाय उडत नाही. मुलीने आकडा लिहिला तर शून्य. 'डोस थांबवला, डॉक्टरांना कळवलं' असं लिहिलं तर पूर्ण गुण. असा एकही प्रश्न मी आजवर आपल्या लेखी पेपरात पाहिलेला नाही.

परीक्षा कुठे घ्यावी? लॅबमध्ये, टेबलावर खरा ट्रे मांडून. रिकाम्या व्हायली, मुदत संपलेली अँप्यूलं, वापरात नसलेले सेट प्रत्येक रुग्णालयात मिळतात. कचऱ्यात जाण्याआधी इनचार्ज सिस्टरला सांगून स्वच्छ करून ठेवले की झालं. पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या ठेवा: थेंबांची १०० मिलिग्रॅम प्रति मिली, एक सिरप ५ मिलीत १२५चं, एक ५ मिलीत २५०चं. दहा किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम द्या म्हणावं. उत्तरं तीन येतील: दीड मिली, सहा मिली, तीन मिली. आणि पुढचा प्रश्न विचारा: आईने घरी थेंबांच्या बाटलीतून सहा मिली दिलं, तर बाळाला किती गेलं? सहाशे मिलिग्रॅम. डिस्चार्जच्या वेळी आईला औषध समजावणं सिस्टरचंच काम, त्यामुळे हे गणित घरापर्यंत जातं.

शेजारी हाताने लिहिलेला एक केस पेपरही ठेवा, नेहमीच्या अक्षरातला. '४' पुढे घाईत काढलेला इंग्रजी यू शून्यासारखा दिसतो आणि ४ युनिटचे ४० होतात. शून्य न लिहिता नुसता टिंब देऊन लिहिलेला '.५' हा ५ वाचला जातो. फोनवर सांगितलेलं 'सिस्टर, अर्धं अँप लावा'. कशाचं अर्ध, कुठल्या ताकदीचं? मुलीने इथे गणित मांडायला घेतलं तर तिला नापास करा. तिने उलट विचारलं पाहिजे. अशा ऑर्डरी लिहिणाऱ्या डॉक्टरमंडळींनाही एक वेगळं पत्र लिहायला हवं, पण ते माझ्यापेक्षा त्यांच्या परिषदेने लिहिलेलं बरं.

आयसीयूच्या मुलींसाठी पातळी वेगळी असावी. साठ किलोच्या पेशंटला बीपी टिकवणारं नॉरअॅड्रेनॅलिन किलोला, मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम, ५० मिलीत ४ मिलिग्रॅम मिसळलेलं, पंपाला किती लावायचं? तासाला साडेचार मिली. हे येतं बऱ्याच जणींना. पण मागच्या पाळीने ५० मिलीत ८ मिलिग्रॅम भरून ठेवलं आणि सिरिंजवर चिकटपट्टी लावली नाही, तर तेच साडेचार मिली दुप्पट होतात. हँडओव्हरला पंपाचा आकडा सांगायची पद्धत आहे, सिरिंजमध्ये काय मिसळलंय ते सांगायची नाही.

आता परिषदेसाठी खास. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना सततच्या शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. ते तास कसे भरतात हे आपल्यालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. सकाळी दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा सत्कार, मग पडद्यावर वाचून दाखवलेल्या स्लाइड, जेवण, आणि चार वाजता प्रमाणपत्र. जेवण चांगलं होतं का हे महिनाभर लक्षात राहतं. त्या तासांपैकी काही तास तरी अशा ट्रेसमोरच्या परीक्षेचे धरा. ज्येष्ठ परिसेविकांनीही द्यावी, पाठ्यनिर्देशिकांनीही. मीही देईन.

आक्षेप येणार, याची कल्पना आहे. आधीच जागा रिकाम्या, त्यात शंभर टक्क्यांच्या अटीमुळे मुली अडकल्या तर वॉर्ड कोण सांभाळणार? म्हणून परीक्षा वर्षातून एकदाच नको. नापास झालेलीला आठवड्याने पुन्हा बसू द्या, कितीही वेळा. त्यासाठी वर्ष वाया घालवू नका, गुणपत्रिकेवर अडखळल्याची खूण ठेवू नका, फी तर मुळीच घेऊ नका. ज्या दिवशी सगळं बरोबर येईल त्या दिवशी पास. तोवर औषधाच्या ट्रॉलीला हात लावताना सोबत कुणीतरी हवं, एवढंच.

दुसरा आक्षेप माझ्या वॉर्डातल्या मैत्रिणी घेतील, आणि तो खरा आहे. रात्री अख्खा वॉर्ड एकीकडे, मामा-मावशी (वॉर्डातले मदतनीस) दुसऱ्या मजल्यावर, दोन नातेवाईक अंगावर धावून येतायत, त्यात कसलं त्रैराशिक? गणितात शंभर टक्के मिळवणारी सिस्टरही पहाटे चारला चुकू शकते. परीक्षेने मनुष्यबळाचा प्रश्न सुटत नाही, आणि परीक्षा घेतली म्हणून तो सुटला असं सरकारने मानू नये. हेपॅरिन, इन्सुलिन, पोटॅशियम यांना दुसऱ्या सिस्टरने तपासायचं असं नियमात लिहिलेलं असतं. दुसरी सिस्टरच नसेल तर तो नियम कुणासाठी? पोटॅशियमची अँप्यूलं डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवू नका, कुलपात ठेवा, हे सांगायला मात्र मनुष्यबळ लागत नाही. १० मिलीच्या त्या एका अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) असतात आणि ते थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं.

माझी एवढी विनंती आहे की हे पत्र 'अभ्यासक्रम ठरवणं आमच्या अखत्यारीत नाही' या उत्तराने परत येऊ नये. अभ्यासक्रम दिल्लीला ठरतो हे मान्य. पण अंतर्गत गुण महाविद्यालयं देतात, प्रात्यक्षिकाचे परीक्षक विद्यापीठ नेमतं, आणि नोंदणीचं नूतनीकरण परिषद करते. ट्रेसमोरची परीक्षा अंतर्गत मूल्यमापनात घ्यायला कुणाची परवानगी लागते, एवढं आपण तिघांनी लेखी कळवावं. लागत नसेल, तर येत्या सत्रात कोणती महाविद्यालयं सुरू करणार त्यांची यादी जाहीर करावी. आमच्या लॅबमध्ये टेबल, दोन सिरिंज आणि पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या आत्ताच मांडून ठेवल्या आहेत. ज्यांना बघायला यायचं असेल त्यांनी जरूर यावं.

आपली विश्वासू,
एक पाठ्यनिर्देशिका